सूचना लिहिणाऱ्या साहेबांना, औषधाच्या दुकानातून

प्रति,
साथीच्या काळात आरोग्याच्या सूचना लिहिणारे, छापणारे आणि पुढं पाठवणारे सर्वजण,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भाग
आणि पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, कागलकडचे त्यांचे सोबती

सा. न. वि. वि.

बेळगावहून बाचीमार्गे चंदगडकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं औषधाचं दुकान आहे. दारात एक फळा टांगलेला असतो. एरवी त्यावर 'इन्सुलिन आले आहे' किंवा 'सुट्टे पैसे द्यावेत' एवढंच असतं. २०२१ च्या एप्रिलअखेर, कोविडच्या साथीत, मी त्यावर खडूनं लिहिलं, 'आपल्याकडं किराणा सकाळी ६ ते १०. टीव्हीवर ७ ते ११ सांगतात ते महाराष्ट्राचं.' नियम बदलेपर्यंत त्या ओळी मी पुसल्या नाहीत. त्या दिवसांत दुकानातून पॅरासिटामॉल गेलं, मास्क गेले, ऑक्सिमीटर गेले. पण गावाला सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या त्या या दोन ओळी, असं माझं मत आहे.

झालं होतं असं. २७ एप्रिलच्या रात्रीपासून कर्नाटकात चौदा दिवसांचा कर्फ्यू लागला आणि जीवनावश्यक वस्तूंची दुकानं सकाळी सहा ते दहा उघडी राहतील असं ठरलं. महाराष्ट्रात त्याच्या आठवडाभर आधीच किराण्याला सात ते अकराची वेळ लागू झाली होती. आमच्या घरांत टीव्ही लागतो तो मराठी. बातम्या मुंबईच्या, पुण्याच्या, फार तर कोल्हापूरच्या. त्यामुळं आमची म्हातारी माणसं नियम अगदी मनापासून पाळत होती, फक्त दुसऱ्या राज्याचे. साडेदहाला पिशवी घेऊन निघायची आणि चौकात काठी दिसली की उलट्या पावली पळायची. असेच एक तात्या माझ्या पायरीवर येऊन टेकले. धाप लागलेली, मास्क हनुवटीवर.

"टीव्हीत अकरापर्यंत म्हणून सांगालेत की ओ," ते म्हणाले. "मग ह्येनी कशाला मारायला येत्यात?"

लोक ऐकत नाहीत, असं त्या काळात साहेब लोक वरचेवर म्हणायचे. आमच्या भागात लोक ऐकत होते. त्यांच्या कानावर जे पडत होतं ते त्यांच्यासाठी नव्हतं, इतकंच.

जूनमध्ये पुन्हा तेच झालं, आणि या वेळी तर आपल्याच राज्याच्या बातमीनं. १४ जूनपासून कर्नाटकात निर्बंध सैल होणार अशी पट्टी सगळीकडं फिरली. ती खरीच होती. पण रुग्णांचं प्रमाण जास्त असलेले अकरा जिल्हे त्यातून वगळले होते आणि त्यात बेळगाव होतं. हा भाग बातमीच्या शेपटाला. शेपटापर्यंत वाचतो कोण? सकाळी अकराला बाजारात निम्मी शटरं वर, निम्मी खाली, आणि जो तो दुसऱ्याला विचारतोय की आपण सुटलो का नाही.

म्हणून पहिली विनंती अगदी साधी आहे. कुठलीही सूचना काढाल तेव्हा ती कोणत्या तालुक्यासाठी आहे, कधीपासून आहे आणि कधीपर्यंत आहे, हे पहिल्या ओळीत लिहा. संदर्भ क्रमांक, कलम, अधिसूचनेची तारीख हे सगळं खाली घाला. कागद तुमच्या फाइलीत राहतो तोवर वरचा मजकूर महत्त्वाचा असेल. आमच्याकडं त्याचा मोबाइलवर फोटो फिरतो, तोही कडेचा अर्धा कापलेला.

आता भाषेचं. हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर दोन्ही बाजूंचे लोक चष्मे चढवून वाचतील. मला कन्नड येतं. वाचताही येतं. माझी निम्मी बिलं, औषध कंपन्यांचे निम्मे प्रतिनिधी कन्नड. आमच्या उपकेंद्रात बागलकोट बाजूच्या एक सिस्टर होत्या, त्यांनी लसीकरणाच्या दिवसांत "दुखतंय काय?", "घाबरू नका" आणि "आजी, हात सैल सोडा" एवढं मराठी शिकून घेतलं होतं. तेवढ्यावर त्यांनी अख्खं गाव टोचून काढलं. लोक आजही त्यांचं नाव काढतात. तेव्हा तक्रार कन्नडबद्दल नाही. मास्क 'कड्डाय' म्हणजे सक्तीचा आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही समजतं, आणि 'लसिके' म्हणजे लस हे सांगायला दुभाषी लागत नाही.

अडतं ते पुढं. एके दिवशी रिक्षावर भोंगा लावून सूचना देत गेले. अंगात ताप, खोकला, 'उसिराटद तोंदरे' असेल तर ताबडतोब दवाखान्यात या. उसिराटद तोंदरे म्हणजे श्वास घ्यायला होणारा त्रास. त्या अख्ख्या घोषणेतला जीव वाचवणारा शब्द हाच. दुपारी एक काकू दुकानात आल्या आणि तोंड आल्यावर घ्यायच्या गोळ्या मागू लागल्या. म्हणाल्या, रिक्षावाला तोंडाचं कायतरी सांगत गेला, तोंड आलं की दवाखान्यात नेत्यात म्हणे, त्याआधी बरं झालेलं बरं. मी हसलो. मग घरी गेल्यावर हसू आलं नाही, कारण त्याच गल्लीत एक माणूस तीन दिवस धापा टाकत घरात बसून होता आणि घरचे म्हणत होते, ताप तर उतरलाय.

आणि मराठीत सूचना यायच्या तेव्हा काय व्हायचं तेही सांगतो, म्हणजे एकतर्फी होणार नाही. पलीकडून यायचं 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण'. एक बाधित झालेल्यासाठी, दुसरं संपर्कात आलेल्यासाठी. कुठलं कुणासाठी, हे आजही दहा जणांना विचारा, नऊ चुकतील. लोकांनी दोन्हीला 'कोरंटीन' करून टाकलं, आणि आमच्या बाजूला गल्लीला बांबू ठोकले की 'सीलडाऊन'. लोकांचे शब्द जास्त चांगले होते. 'सामाजिक अंतर' तर माझ्या डोक्यातच जायचं. ज्या गावांत सामाजिक अंतर पिढ्यान् पिढ्या पाळून झालंय तिथं ते पुन्हा पाळा म्हणून फलक लावायचे? जागतिक आरोग्य संघटनेनंही मार्च २०२० मध्येच 'सामाजिक' सोडून 'शारीरिक' अंतर म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडं 'चार हात लांब राहा' हे बोलणं घराघरात आहे. तेवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

अडाणी आहेत म्हणून लोक बंद पाळत नाहीत असं वाटत असेल तर आमच्या गावांतली वार पाळणूक बघायला या. यात्रेच्या आधी ठरलेल्या वारी गावात शेतकाम बंद, औतं बंद. कुणी काठी घेऊन उभं नसतं. दवंडी होते, कोणते वार, कुठपर्यंत, काय करायचं नाही, हे सगळ्यांना कळतं, आणि पंच आधी पाळतात. प्लेगच्या साथीत, १८९७-९८ च्या सुमारास, हा मुलूख मुंबई इलाख्यात असताना, लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले होते. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, हे कारण डोळ्यांना दिसत होतं. माझी पणजी त्या गोष्टी सांगायची असं वडील सांगत.

'पंच आधी पाळतात' हे लिहिलं आणि २०२१ चा एप्रिल आठवला. कोविडनंच गेलेल्या खासदारांच्या जागेसाठी बेळगावला १७ एप्रिलला पोटनिवडणूक झाली. सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला गेले होते, केंद्रात राज्यमंत्री होते. त्या निवडणुकीच्या सभांना झालेली गर्दी आम्ही बघितली आणि त्याच महिन्यात लग्नाला माणसं मोजून बोलवायची सूचनाही वाचली. मंडपवाला मला म्हणाला, "ताप काय मतदान कार्ड बघून येतोय काय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडंही नसेल. पुढं चालू.

दुसरी विनंती बदलांबद्दल. रोग नवा होता, माहिती बदलत जाणार, नियमही बदलणार, हे मला कळतं. पण काय बदललं आणि का, हे सांगायचं राहून गेलं की काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. आमच्या आळीतल्या एका आक्कांनी मार्च २०२१ च्या मध्यावर कोविशील्डचा पहिला डोस घेतला. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले. चिठ्ठीवर अठ्ठावीस दिवसांनंतरची तारीख होती. त्या दिवशी रिक्षा करून गेल्या. तिथं सांगितलं, आता सहा ते आठ आठवडे. मे महिन्यात पुन्हा रिक्षा. तोवर १३ मे उजाडून गेला होता आणि अंतर बारा ते सोळा आठवडे झालं होतं. चौऱ्याऐंशी दिवस झाल्याशिवाय संगणक नावच घेईना. तिसऱ्यांदा जून महिन्यात.

आक्कांचा आणि अख्ख्या आळीचा निष्कर्ष ठरलेला, लस संपलीय म्हणून तारखा ढकलत्यात. लस तेव्हा कमी होती हेही खरंच. त्यामुळं मी काही बोललो तर सरकारची बाजू घेतोय असं दिसायचं. पण अंतर वाढवल्यावर लस जास्त चांगली लागू पडते असं बाहेरदेशी दिसून आलंय, आणि उशीर झाला म्हणून पहिला डोस वाया जात नाही, हे दोन वाक्यांत मराठीत कुठंतरी चिकटवलं असतं तर आक्कांच्या दोन रिक्षा वाचल्या असत्या. आळीतल्या पाचसहा जणांनी 'आता कशाला' म्हणून दुसरा डोस सोडला, तेही कदाचित डोस घ्यायला गेले असते. गंमत म्हणजे जून २०२१ पासून कोविन, म्हणजे लसीची नोंदणी करायचं संकेतस्थळ, मराठीतही दिसू लागलं होतं. मोबाइलमध्ये मराठी आलं, दवाखान्याच्या भिंतीवर काही आलं नाही. आणि ज्यांना भिंत वाचायची होती त्यांच्याकडं तसला मोबाइल नव्हता.

जिथं अधिकृत मराठी पोचत नाही ती जागा रिकामी राहत नाही. हे मी दुकानात रोज बघितलं. ऑक्सिजन वाढायला कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगा. नाकात लिंबाचे थेंब सोडा. हे सगळं अगदी झकास, वाचायला सोप्या मराठीत यायचं, हे लक्षात घ्या. त्याहून वाईट प्रकार चिठ्ठ्यांचा. पुण्याच्या भाच्याला लिहून दिलेल्या औषधांचा फोटो घेऊन इथला मामा यायचा, "हेच द्या, त्याला चार दिवसात गुण आला." फोटोत स्टेरॉईड असायचं. जून २०२० मध्येच इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोननं फायदा होतो, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना होत नाही. मामाला साखरेचा आजार. त्यात घरच्या घरी स्टेरॉईड म्हणजे साखर भडकणार, आणि मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे जे रुग्ण निघाले त्यांत साखर आणि स्टेरॉईड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसत होती. मी दिलं नाही. मामा चिडून दुसऱ्या दुकानात गेले. तिथं मिळालं की नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्याकडं दाखवायला एखादा शिक्क्याचा कागद असता, मराठीत, 'ऑक्सिजन ९४ च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टेरॉईड घेऊ नका, साखर असणाऱ्यांनी तर नकोच', तर मामा ऐकले असते. माझ्या तोंडाला नसेल पण शिक्क्याला अजून वजन आहे. त्याच कागदावर बोट गरम करून, मेंदी आणि नखरंग नसलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावा, एवढंही घाला. लग्नसराईत मेंदीच्या बोटांवर भलतेच आकडे बघून दोन घरांत रडारड झाली होती.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. रोजच्या पत्रकात 'बेळगाव जिल्हा' असा एक आकडा यायचा. अथणीचे आणि खानापूरचे रुग्ण एकाच बेरजेत. त्यावरून माझ्या गिऱ्हाइकानं आठवड्याच्या बाजाराला जायचं की नाही हे कसं ठरवायचं? आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावरची शिनोळी कोल्हापूरच्या तक्त्यात. तिथली माणसं रोज आमच्या दुकानात येतात, आमची पोरं तिथल्या कारखान्यांत जातात, चंदगडचा अडलेला रुग्ण बेळगावलाच येतो. कर्नाटकात शिरायला ७२ तासांच्या आतलं आरटीपीसीआर लागू झालं तेव्हा कोगनोळी नाक्याच्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्या. रोज सायकलवरून हद्द ओलांडणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र नाक्यावरचा शिपाई आपल्या मनानं ठरवत होता. एकदा रात्री मी १०८ लावला तर मोबाइलनं पलीकडचा टॉवर धरलेला, फोन महाराष्ट्राच्या केंद्रात लागला. पलीकडची मुलगी भली होती, तिनं समजून घेतलं. पण गावाचं नाव, तालुका, राज्य सांगण्यात जी मिनिटं गेली ती गेली.

कोविड संपला, आता कशाला उगाळता, असं कुणी म्हणेल. ५ मे २०२३ ला जागतिक संघटनेनं आणीबाणी उठवली हे मलाही माहीत आहे. पण माकडताप संपलेला नाही. १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला म्हणून इंग्रजीत त्याला तेच नाव. आता तो गोव्याच्या सत्तरीत आहे, सिंधुदुर्गात दोडामार्गकडं आहे. खानापूर भागातले मजूर काजूच्या हंगामात तिकडंच जातात. म्हणजे गोचीड चावणार गोव्यात, ताप चढणार इथं घरी आल्यावर, आणि डॉक्टर विचारणार, डासांचं प्रमाण कसं आहे तुमच्याकडं? 'गेल्या पंधरा दिवसांत काजूच्या बागेत किंवा जंगलात गेला होता का', हा प्रश्न तिन्ही राज्यांच्या दवाखान्यांत, तिन्ही भाषांत, केसपेपरच्या वर छापलेला असायला हवा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच आशाताईंना कळवा. जंगलातून आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाका, अंग नीट बघा. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकू नका. एवढी सूचना काजू धरायच्या आधी गावात पोचली पाहिजे. बागा उतरून झाल्यावर ती आली तर काय करायची?

आशाताईंचा विषय निघालाच. तुमची प्रत्येक सूचना शेवटी त्यांच्या तोंडून गावात जाते. आमच्या आशाताई मराठी शाळेत शिकल्या, रजिस्टर कन्नडमध्ये भरतात, आणि दारात उभ्या राहून दोन्हीचं तिसरंच काहीतरी सोपं करून सांगतात. ते त्या फार चांगलं करतात. जुलै २०२० मध्ये कर्नाटकातल्या आशांनी महिना बारा हजार मानधन आणि सुरक्षेचं साहित्य मागत काम थांबवलं होतं, तेव्हा आठवड्याभरात गावात कोण आजारी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मराठी मजकूर लिहायला बेंगळूरच्या अनुवादकाला किंवा संगणकाला सांगण्याआधी अशा दोन आशाताईंना तासभर बसवून घ्या. त्या तासाचे पैसे द्या.

कायद्याचं बोट दाखवायची वेळ येऊ नये, तरी लिहून ठेवतो. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ ते २० टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात आहे. आणि गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, असं घटनेचं ३५० वं कलम म्हणतं, त्यामुळं हे पत्र मराठीत आहे म्हणून परत पाठवू नये.

मागणं फार नाही. कन्नड सूचना ज्या तासाला निघते त्याच तासाला मराठीही निघावी, दोन दिवसांनी नको; तोवर भाच्याचा फोटो पोचलेला असतो. आकडे तालुक्याचे द्यावेत, आणि हद्दीला लागून असलेल्या तालुक्यांचे दोन्ही बाजूंनी एकत्र. साथ नसतानाच, आत्ता, बेळगाव आणि कोल्हापूरच्या आरोग्य खात्यांनी एकदा बसून ठरवावं की बाचीला काय लागू आणि शिनोळीला काय, आणि एका कागदावर दोन रकान्यांत ते शेजारी शेजारी छापावं. जे माहीत नाही ते 'अजून कळलेलं नाही, अमुक दिवशी सांगू' असं लिहावं. लोक ते ऐकून घेतात. मी गिऱ्हाइकाला 'हे औषध आज नाही, गुरुवारी येईल' म्हणतो, तेव्हा ते गुरुवारी येतं.

आपला,
एक औषध दुकानदार
बेळगाव तालुका, पश्चिम भाग

ता. क. फळा अजून दारातच आहे. मजकूर रात्री आठच्या आत पाठवलात तर त्याच रात्री लिहून टाकीन. सकाळची पहिली वस्तीची बस साडेसहाला दारातच थांबते, बसमधली माणसं खिडकीतून वाचतात. अक्षर माझं बरं आहे. फक्त बारा ओळींच्या वर मावत नाही.